नाक वर केलेलं विमान

आमच्या ह्यांनी आयुष्यभर लोकांचे दात बनवले. दंतवैद्याकडून जबड्याचा साचा यायचा आणि हे मालकांच्या कारखान्यात खिडकीशेजारी बसून त्यावर कवळी घडवायचे. गावातले निम्मे म्हातारे आपल्या जिवावर हसतात, असं सांगत फिरायचे. मग अर्धांगाचा झटका आला. पाय सुधारला, बोलणं सुधारलं, पण उजवा हात रुसून बसला. चमचा धरायचा, पण थरथरायचा. ह्यांचे मालक भले गृहस्थ. जागा राखून ठेवली होती, पण किती दिवस ठेवणार? महिनाअखेरपर्यंत काय ते कळवा, असा त्यांचा निरोप आला.

व्यायाम शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, हाताला बारीक काम द्या. मी लसूण सोलायला दिला, तर हे फुरंगटले. मग लेकीने तुकडे जोडून करायच्या विमानाचा खोका आणला. आत करड्या प्लास्टिकच्या चौकटींना लटकलेले ढीगभर तुकडे, काही तर तांदळाच्या दाण्याएवढे. आणि तो सूचनांचा कागद! अक्षरं अशी की घरात कुणाला ओ की ठो कळेना. एका चित्रात चाक पंखाखाली, पुढच्या चित्रात ते गायब, आणि बाण भलतीकडेच.

"हे काढणाऱ्याने कधी विमान पाहिलं तरी होतं का?" मी विचारलं.

"त्याने पाहिलं असेल. आपण पाहिलेलं नाही, हे तो विसरला," हे म्हणाले. मग म्हणाले, "हे जमलं तर मालकांना फोन करतो. नाही जमलं, तर दुसरा माणूस बघा म्हणून सांगतो."

मला ते मुळीच आवडलं नाही. प्लास्टिकच्या खेळण्यावर माणसाने पोटापाण्याचा निर्णय टांगून ठेवावा? पण हट्टाला पेटलेल्या माणसापुढे कोण डोकं फोडणार!

त्यानंतर आमचं जेवणाचं टेबल आमचं राहिलं नाही. चिमट्यातून तुकडा उडाला की आम्ही दोघं रांगत जमीन चाचपायचो. वैमानिकाची खुर्ची तर माझ्या चपलेला चिकटून बाजारात जाऊन आली. शेपटीचा एक भाग उलटा बसला, तो काढून सुलटा बसवला. असं रडतखडत का होईना, धड चिकटलं, पंख लागले, रंग झाला. शेवटी चाकं लावून ह्यांनी ते टेबलावर ठेवलं.

ते मागे कलंडलं. शेपूट खाली, नाक वर. ह्यांनी बोटाने नाक दाबलं, सोडलं, की पुन्हा वर. जणू आमच्यावर रुसलेलं.  ह्यांनी उजवा हात टेबलाखाली घेतला.

"उद्या मालकांना सांगून टाकतो," एवढंच म्हणाले.

माझं डोकंच फिरलं. मी लेकीला फोन लावला आणि त्या दुकानदाराला जाब विचार म्हणून सांगितलं. थोड्या वेळाने तिचा फोन आला, तो मी ह्यांनाही ऐकू जाईल असा धरला. "आई, तिसऱ्या चित्रात नाकात काळा ठिपका आहे ना, ते वजन आहे. नाकात आधी वजन भरायचं, मगच धड चिकटवायचं."

तो ठिपका मी पाहिला होता. शाईचा डाग समजून ओल्या बोटाने पुसायलाही गेले होते.

"दुकानदार म्हणतो, आता काही होत नाही," लेक म्हणाली. "पुढच्या वेळी लक्षात ठेवा म्हणाला."

हे ताडकन सरळ बसले. "होत नाही म्हणजे? कवळी टाळूला बसली नाही तर आम्ही काय, पुढच्या वेळी लक्षात ठेवतो? कापतो, सरकवतो, पुन्हा जोडतो! माझी पिशवी आण गं."

कामाची ती पिशवी आजारपणापासून दाराआड तशीच लटकत होती. त्यातून ह्यांनी केसासारख्या पात्याची करवत काढली. मला बघवेना. पातं प्लास्टिकला लागेपर्यंत हात थरथरत होता. सांध्यावर टेकलं आणि हात स्थिर झाला. अगदी स्थिर नाही म्हणत मी, पण त्याला काय करायचंय हे कळत होतं. करवतीचा भुगा फुंकत फुंकत ह्यांनी नाक अलगद उघडलं. मी पडद्याच्या काठातली शिशाची वजनं उसवून दिली. ती आत बसवून नाक पुन्हा चिकटवलं.

गोंद वाळल्यावर विमान टेबलावर ठेवलं. तिन्ही चाकांवर उभं राहिलं.

"रेघ दिसतेय हो," मी म्हटलं.

"घासली की जाईल." पण हे घासायला बसले नाहीत. फोनपाशी गेले.

"मालक, हात अजून थरथरतो. नवी कवळी लगेच जमायची नाही," हे म्हणाले. "पण बिघडलेल्या असतील, त्या माझ्याकडे द्या. त्या मी करतो."

पलीकडून मालक एवढ्या मोठ्याने बोलले की मला खुर्चीत ऐकू आलं. "अहो, ढीग साचलाय इथे! उद्याच या."

मला रडू फुटलं, आणि ह्यांच्यासमोरच मी ते फुटू दिलं.