सुईणीचा सण

रूथबाई माणसाची ओळख त्याच्या जन्मावरून करून द्यायच्या. एसटीतून उतरलेल्या पाहुण्याला सरपंच दाखवून म्हणायच्या, "ह्यो बाळासाहेब. पायाळू. आईला दीस-रात छळलं, मंग आला. म्याच वढला." सरपंच मिशीवर हात फिरवत हसायचे. राहुरीजवळच्या आमच्या गावात चाळिशीपुढचं निम्मं गाव पहिल्यांदा या बाईच्या हातात रडलं. मीसुद्धा.

चर्चमागच्या आमच्या वस्तीत त्या एकट्याच राहायच्या. नाताळात करंज्या-लाडू करायच्या, ताटावर फडकं टाकायच्या आणि वर गावात निघायच्या. जिथं बाळंतपण केलं, तिथं ताट. सरपंचांकडे ते ओट्यावरच ठेवून घेत.

"खा की रं एक."

"उपास हाय, बाई."

दरवर्षी उपास. दुसऱ्या दिवशी घासलेलं ताट परत मिळायचं. रिकामं देऊ नये म्हणून त्यात ओंजळभर गहू.

मी वस्तीतली पहिली पदवीधर. त्याचा तोरा मला आहे, लपवत नाही. मी कॉलेजात असताना पारावर कुणीतरी म्हणालं, नाताळ इंग्रजांचा, नावसुद्धा त्यांचंच. रूथबाई तडक माझ्याकडे आल्या. "तू एवढी शिकतीयास. बघ बरं, हे नाव आलं कुठनं?"

मी ग्रंथालयात बसून शोधलं. शब्द इंग्रजांचा नव्हताच. तो पोर्तुगीजांबरोबर आला, मूळ लॅटिनमधलं. अर्थ एवढाच, जन्म.

"निस्ता जन्म?" खोकला येईस्तोवर त्या हसल्या. "मंग ह्यो सुईनीचाच सन की गं! आन् इतकी वर्सं मला कुनी सांगितलं न्हाई!"

त्या नाताळात ताट मी धरलं होतं. ओट्यापाशी उभं राहून त्यांनी सरपंचांना सगळं समजावलं. "जन्माचा सन हाय, बाळा. तुला जगात म्या आनलं. आज तरी एक खा."

सरपंच म्हणाले, "उपास हाय, बाई."

सकाळी ताट आणायला मीच गेले. गोठ्यात म्हशीपुढं, गव्हाणीत आमच्या करंज्या पडल्या होत्या. मी वस्तीत येऊन फाडफाड सगळं सांगितलं. रूथबाईंनी ताट मांडीवर घेतलं आणि त्यातला गहू निवडायला लागल्या. मान वर केली नाही.

"ठावं हाय मला. लई वर्सांपास्नं. म्हस खाती, तिचं दूध त्यो पितो. जातंय की त्याच्या पोटात." मग एक खडा बाजूला टाकून म्हणाल्या, "पन तू कशाला बघितलंस गं?"

त्यानंतरही ताट जात राहिलं. मी मात्र पुन्हा बरोबर गेले नाही.

गेल्या नाताळाच्या आधी रूथबाई गेल्या. सरपंच मातीला आले. "मला आईच्या जागी हुती," म्हणत चारचौघांत डोळे पुसले. कबरस्तानातून सगळे वस्तीत परतले, तेव्हा मी त्यांच्यापुढं चहाचा कप धरला.

"नको ताई. उपास हाय."

"उपासाला चहा चालतो, दादा," मी म्हणाले.

सरपंच खाली बघून चपला शोधू लागले. त्या त्यांच्या पायातच होत्या.