दाराशी ओटा

मी चौथीपर्यंत शिकलो. तरी हावड्यातली कितीतरी गोदामं मी मांडली. कागदावर नाही, जमिनीवर. रिकाम्या जागेत चुन्याच्या फक्कीने खऱ्या मापाचं गोदाम आखायचं आणि डोक्यावर पोतं घेऊन त्या रेघांमधून चालून बघायचं. कुठे अडतंय ते पायांना कळतं.

त्याआधी मी हमाल होतो. पोतं टाकून उंबऱ्यावर टेकलो की मुकादम हुसकायचा. म्हणून मी मांडलेल्या प्रत्येक गोदामात दाराच्या आत ओटा आहे. बसायला. त्यावर माल ठेवायचा नाही.

माझी सून कोलकात्यात सॉल्ट लेकच्या ऑफिसात हेच काम कॉम्प्युटरवर करते. हुशार आहे, माझ्यापेक्षा जास्त माल बसवते. माझ्या जुन्या शेटच्या मुलाने नवं गोदाम तिच्याच कंपनीला दिलं. तिने नकाशा जेवणाच्या टेबलावर पसरला. त्यात माल उचलणाऱ्या बॅटरीच्या गाड्यांना उभं राहायलासुद्धा खोली होती.

"माणसं कुठे बसणार?"

"बाबा, ती कंत्राटी असतात. ट्रकच्या सावलीत बसतात, सगळीकडे."

"आणि ट्रक गेला की?"

"अहो, दाराजवळची जागा सगळ्यात महाग. तिथली रॅक काढली तर मालक मला विचारेल."

"मला विचारू दे."

ती पाया आखून द्यायला जागेवर निघाली तेव्हा मीही गेलो, फक्कीची पिशवी घेऊन. दार जिथे येणार होतं तिथे ओटा आखला आणि त्यात मांडी घालून बसलो.

शेटचा मुलगा हिंदीत म्हणाला, "काका, उन्हात कशाला? गाडीत बसा, एसी आहे."

"मी माझ्या जागेवर बसलोय."

"इथे रॅक येणार आहे."

"माझ्यावर उभी करा."

तो हसला, मी नाही. सून जवळ येऊन कुजबुजली, "बाबा, उठा ना. मी ऑफिसात काय सांगू?"

"सांग, सासरा ऐकत नाही. खोटं तर नाही."

तिने एकदा शेटच्या मुलाकडे बघितलं. मग माझ्या हातातली पिशवी घेतली, वाकली आणि माझ्या गुडघ्याला लागून आडवी रेघ मारली. अर्धा ओटा कापला.

"एवढाच मिळेल. बाकी रॅकला. आणि भिंतीला पाण्याचा नळ देते."

"पाय पसरता येत नाहीत."

"मांडी घाला. आत्ता घातलीय तशी."

शेटचा मुलगा घड्याळ बघत म्हणाला, "ठीक है, ठीक है." तेव्हा उठलो.

गोदाम आता चालू आहे. सुपरवायझर ओट्यावर खोकी रचतो. मी दोन बस बदलून जातो, ती खाली ठेवायला लावतो. तो म्हणतो, तुम्ही कोण? मी म्हणतो, ओट्यावाला. काल परत रचलेली होती. उतरवली, हमालांना हाक मारली आणि स्वतः आधी बसलो.