लंडन खुर्द

आमच्या घरात लंडन एकच. ज्यांच्या फोटोला हात जोडल्याशिवाय बाबा घराबाहेर पडत नाहीत, ते निळा कोट घालून जिथं शिकायला गेले, ते. त्यामुळं मला लंडनला प्रवेश मिळाला तेव्हा पहिल्याच दमात मी सांगितलं, की हे लंडन कॅनडातलं आहे. बाबांनी 'लंडन' तेवढं ऐकलं आणि पायांत चप्पल सरकवून थेट बाजारात गेले. दिवस मावळायच्या आत अख्ख्या कुरुंद्याला खबर.

आमच्याकडं पोरगं तलाठी झालं तरी बॅनर लागतो, मी तर साता समुद्रापार चाललेली. विहारासमोर बॅनर लागला. त्यावर घड्याळाचा तो मनोरा आणि मनोऱ्याहून उंच मी, तीही बारावीच्या फोटोतली, तेल चोपडलेल्या वेणीची.

"बाबा, हे घड्याळ तिकडं नाही."

"मंग लोक टाइम कशात बघून राहिले तिथं?"

मी कपाळावर हात मारून घेतला.

सत्काराला विहार भरला होता. बाबा कडक इस्त्रीच्या सदऱ्यात इतके खुशीत, की आई म्हणाली, "लग्नातबी असं त्वांड न्हवतं यांचं." तेवढ्यात काका उठले, हातात मोबाइल. कुणाचं चांगलं झालं की काकांच्या पोटात दुखतं.

"भाऊ, हे लंडन त्ये न्हाई. हे कॅनडात हाय. लंडन खुर्द म्हणा की!"

विहारभर हशा पिकला. बाबांचा चेहरा खर्रकन उतरला. मला काकांचा गळा आवळावासा वाटला. आता जन्मभर गाव बाबांना चिडवणार, हे मला तिथंच दिसलं.

बाबांनी माईक हातात घेतला.

"आपल्या जिल्ह्यात जवळे किती हायत? जवळा बाजार हाय, जवळा पांचाळ हाय, जवळा बुद्रुक हाय. कोण्या जवळ्याची लेक खोटी हाय का?"

हसणं थांबलं.

"त्या लंडनात आपलं माणूस जाऊन आलं, शिकून आलं. ह्या लंडनात आपलं अजून कोणीच गेलं न्हाई. ही पहिली चालली."

टाळ्यांचा कडकडाट झाला. काकांनीही वाजवल्या, काय करतात बिचारे. मी मात्र गळ्यात हार घेऊन उभी. इतके दिवस मी लंडन कोणतं यावरच भांडत बसले होते. तिथं आपलं कोणीच नाही, हे माझ्या डोक्यात त्या क्षणी शिरलं.