पूर्वजांचा वाटा

हसणार नाही असं कबूल करत असाल तर सांगतो. नाहीतर राहू द्या, चहा प्या आणि आपापल्या घरी जा. कारण असला घोळ साऱ्या शहादा तालुक्यात माझ्याशिवाय कुणी घातला नसेल.

तर झालं असं. माझ्या पूनमला मुंबईचं स्थळ आलं. माणसं मूळची धुळ्याकडचीच, पण आता पक्की मुंबईकर. पोरापोरीची पसंती झालेली. राहिली होती फक्त आम्हा म्हाताऱ्यांची भेट. मुलाच्या वडिलांनी आम्हा नवराबायकोला बोलावलं ते थेट समुद्राकाठच्या एका भारी इटालियन हॉटेलात. मासे, झिंगे, खेकडे, सगळं इटलीच्या पद्धतीचं.

आमच्या कळसाडीहून निघताना पूनमने मला बाजूला घेतलं. म्हणाली, "आप्पा, तठे कसालेच नही म्हनू नका. मन्ह्या लगननी गोट शे." पोरीचा आवाज कापत होता. मनात म्हटलं, आता समोर विंचू वाढला तरी नाही म्हणायचं नाही.

आणि वाढलं काय, तर काळ्या शेवया! अहो, खरंच काळ्या. कुठल्याशा माशाच्या शाईत शिजवलेल्या म्हणे. आम्ही तापीकाठची माणसं, मासे काय कमी खाल्ले? पण माशाजवळ शाई असते हे मला कधीच कुणी सांगितलं नव्हतं. बायको ताटाकडे बघत होती, मी बायकोकडे बघत होतो.

तेवढ्यात मुलाच्या वडिलांनी वाईन मागवली. माशासोबत पांढरी वाईनच लागते, असं काहीतरी म्हणाले. त्यांच्या बायकोने त्यांच्याकडे असं काही पाहिलं, की मला वाटलं बाईंना काळ्या शेवया बाधल्या.

काळ्या कोटातला वेटर बाटली घेऊन आला. "आधी पाटलांना," मुलाचे वडील म्हणाले. वेटरने माझ्या भल्यामोठ्या ग्लासात दोन घोट ओतले आणि हात मागे बांधून उभा राहिला. बाकी सगळ्यांचे ग्लास रिकामे. सगळे माझ्याकडे बघताहेत.

आता तुम्हीच सांगा, याचा अर्थ काय होतो?

आमच्याकडे मोहाच्या दारूची बाटली उघडली की पहिली धार जमिनीला. ती पूर्वजांची. रीत मूळची डोंगरातल्या लोकांची, पण त्यांच्यासोबत बसून बसून आम्हा सपाटीवाल्यांच्याही अंगवळणी पडलेली. पूर्वजांना दिल्याशिवाय ओठाला लावायची नाही. मी त्या दोन घोटांकडे पाहिलं आणि मला गहिवरून आलं. एवढं मोठं हॉटेल, पण पूर्वजांचा वाटा विसरले नाहीत! आणि मान कुणाला, तर मला.

मी डोळे मिटले, आजोबांचं नाव घेतलं आणि ग्लासातली सगळी वाईन त्या चकचकीत फरशीवर सोडली.

वेटरचा चेहरा उतरला. "सॉरी सर," म्हणाला आणि बाटली उचलून चालता झाला.

बायको कानाशी लागली. "कसाले सांडी ऱ्हायनात?"

"चूप ऱ्हाय. आठे बी आपलीच रीत शे," मी म्हणालो.

वेटर परत आला तो नवी बाटली घेऊन. पुन्हा माझ्याच ग्लासात दोन घोट, पुन्हा हात मागे. मी जरा चक्रावलो. मग वाटलं, ही आईकडच्या पूर्वजांची असेल. मोठी हॉटेलं बारकाईने पाळत असतील. सोडली धार.

तिसऱ्या खेपेला खुद्द मॅनेजर आला. बाळंतिणीचं पोर धरावं तशी बाटली धरून. आता मात्र मी घाबरलो. आमचे पूर्वज बरेच आहेत हो, एकेकाला बाटली उघडत बसलो तर जेवायचं कधी? पण नाही म्हणायचं नव्हतं ना! ही तिसरी मी सासरकडच्यांच्या नावाने सोडली. बायकोने तेवढ्यापुरता पदर नीट करून नमस्कार केला.

मॅनेजरने हात जोडले. "सर, यापेक्षा चांगली आमच्याकडे नाही."

मला काही कळेना. पूर्वजांना ती आवडली नाही, हे याला कुणी सांगितलं? ते दोन घोट चाखून बाटली पसंत आहे की नाही ते सांगायचं असतं, हे मला फार नंतर कळलं. मुलाच्या वडिलांचा चेहरा लालबुंद. आजूबाजूची टेबलं टकामका बघताहेत. माझ्या लक्षात एवढंच आलं, की काहीतरी भलतंच झालंय आणि पूनमचं लग्न बहुतेक त्या फरशीवर सांडलंय.

तेवढ्यात मुलाच्या आईने काटा खाली ठेवला. "मला हे घर पसंत आहे," त्या म्हणाल्या.

"लग्न झाल्यापासून मी यांच्या दारूपुढे डोकं आपटतेय," त्यांनी नवऱ्याकडे बोट दाखवलं. "आणि हे भाऊ बघा. भांडण नाही, भाषण नाही. समोर आली की जमिनीवर ओतली. असा निर्व्यसनी व्याही मला शोधून मिळाला नसता."

मी खुलासा करायला तोंड उघडलं. टेबलाखालून बायकोने माझ्या पायावर असा पाय दिला, की उघडलेल्या तोंडात मी गुपचूप काळ्या शेवया भरल्या.

लग्न झालं. पोरगी सुखात आहे, देवाची कृपा. पण विहीणबाई आता दर सुट्टीत व्याह्यांना कळसाडीला माझ्याजवळ आणून सोडतात. माझ्या संगतीने त्यांची सुटावी म्हणून! संध्याकाळी आम्ही दोघं शेतात खाट टाकून लिंबू सरबत पितो, आणि बायको ओट्यावरून नजर ठेवते.

परवा व्याह्यांनी मोठ्या आदराने विचारलं, "पाटील, खरं सांगा, तुम्ही कधी घेतच नव्हता, की सोडलीत?"

व्याह्याशी खोटं कशाला बोलू? म्हणालो, "सोडली. तुमच्यासोबत त्या हॉटेलात जेवायला बसलो ना, त्याच दिवशी."