दुसरी खुर्ची

भाईंच्या सोप्यावर समोरासमोर दोन खुर्च्या असत. तक्रार घेऊन आलेला माणूस एकीवर टेकला, की भाई दुसरीकडे बोट दाखवायचे. "हांगा कोण बसतलो? ताका घेवन यो, मागीर सांग." न्यायाधीश म्हणून हयात गेली, निवृत्त होऊन गोव्यातल्या डिचोलीतून आमदार झाले, पण सवय सुटली नाही. मतदार वैतागायचे, "भाई, तुमी आमदार काय जज?" भाई म्हणत, "एकट्याचें आयकलें म्हणजे अर्देंच आयकलें."

कपाळावर आडवा व्रण होता. जन्मठेप ऐकताच एका आरोपीने टेबलावरचा पेपरवेट त्यांना फेकून मारला होता. भाईंनी जखमेवर रुमाल दाबला नि विचारलं, "आनीक कितें सांगपाचें आसा?"

त्यांचं कार्यालय मी सांभाळत असे. आमच्या घरात बी.ए. झालेली मी पहिली, आणि ते मी कुणालाही सांगते. भाई म्हणत, "सांगूंकच जाय. लज कित्याक?"

खाणीचे ट्रक गावातून जाऊ नयेत म्हणून भाई विधानसभेत भांडले. इकडे गावाने रस्ता अडवला. मग एका संध्याकाळी तिघे जण सळया घेऊन सोप्यावर चढले. पहिल्या घावात भाईंचा हात मोडला, दुसऱ्यात तोंड फुटलं. मी किंचाळले, वाड्यावरचे लोक धावले. दोघे पळाले, तिसरा पायरीवरून कोसळला. लोकांनी त्याला लाथांनी तुडवलं. नाक चेपलं, दात मातीत पडले. मीही त्याचीच सळई उचलली होती, त्याच्या डोक्यात घालायला.

"थांब गो!" भाई रक्त थुंकत उठले. "खुर्ची दी ताका. ताचें आयकूंक जाय."

कुणी हलेना. भाई एका हाताने खुर्ची ओढू लागले, तेव्हा मी सळई टाकली.

तो संतोष, सावंतवाडीकडचा ट्रक ड्रायव्हर. "माझ्या भावाचो डोळो गेलो, साहेब," तो रडत म्हणाला. रस्ता अडवला त्या दिवशी आमच्याच माणसांनी त्याच्या धाकट्या भावाला केबिनमधून ओढून दगडांनी ठेचलं होतं. भाईंना हे कुणी सांगितलंच नव्हतं.

हात गळ्यात बांधून भाई पोलीस ठाण्यात गेले. संतोषविरुद्ध तक्रार दिली, आणि त्याच्या भावाला शेजारी बसवून आपल्या कार्यकर्त्यांविरुद्धही. पुढच्या निवडणुकीत गावाने त्यांना पाडलं. घरावर दगड आले. भाई म्हणाले, "कौलां फोडटात, पूण येवन बसनात!"

यंदा भाई गेले. शिक्षा भोगून सुटलेला संतोष न बोलावता अंगणात येऊन उभा राहिला. "ह्याका कोणें आपयलो?" ज्यांच्याविरुद्ध भाईंनी तक्रार दिली होती, त्यांतलाच एक कार्यकर्ता गुरकावला आणि त्याने संतोषची कॉलर धरली.

मी आतून दोन्ही खुर्च्या आणल्या, समोरासमोर ठेवल्या.

"बसा," म्हटलं. "दोघंही."