बाबूजींचा चौविहार

"हा डिमेन्शिया आहे," डॉक्टर म्हणाले. "मेंदूच्या पेशी झिजत जातात, माणूस हळूहळू विसरत जातो. बरा होत नाही, सांभाळावं लागतं." मी लगेच गोळ्यांच्या वेळा लिहून घेतल्या. सांभाळणं म्हणजे वेळापत्रक, इतकीच माझी अक्कल.

बाबूजी माझे सासरे. मंचरला आमचं कापडाचं दुकान आहे. बाबूजींनी चाळीस वर्षं चौविहार पाळला. सूर्यास्तानंतर अन्न नाही, पाणीही नाही. गिऱ्हाईक बसलेलं असलं तरी ते दिवस मावळायच्या आत जेवायला घरी यायचे.

आजार वाढला, तसे ते दिव्याच्या वेळी ताट मागू लागले. "सूनबाई, जेवलो न्हाई मी." उजेडी वाढलेल्या ताटातले दोन घास खाऊन उठलेले असायचे, म्हणजे भूक खरीच असायची. पण ते विसरले म्हणून मी त्यांचा नेम मोडू? मी स्वयंपाकघराला कडी घालायला लागले. ते दाराशी उभे राहून रडायचे. शेजारीण म्हणाली, "लई गुणाची सून." मला ते आवडलं, आज सांगायला लाज वाटते.

पुढच्या तपासणीत वजन चार किलो उतरलेलं. चौविहाराचं मी अभिमानानेच सांगितलं. डॉक्टर शांतपणे म्हणाले, "त्यांना नेम आठवत नाही, भूक मात्र कळते. आपल्याच घरात आपल्याला उपाशी ठेवतात, असं वाटत असेल त्यांना." बाहेरच्या बाकावर बसून मी खूप रडले.

घरी सासूबाईंना सांगायची भीती वाटत होती. दुकान बंद झाल्यावर पोरांबरोबर जेवणाऱ्या त्या, त्यांनी स्वतः कधी चौविहार केला नव्हता. सगळं ऐकून त्या म्हणाल्या, "त्यांचा नेम आजपासून मी पाळते. तू कडी काढ."

आता त्या उजेडी जेवून घेतात आणि दिवा लागल्यावर बाबूजींना वरणभात भरवतात. तेवढा तासभर मी गच्चीवर नुसती बसते. तुमच्या घरी असं माणूस असेल, तर असा एक तास मागून घ्या. तो मिळाला नसता तर मी टिकले नसते.

बाबूजी आता बायकोलाही ओळखत नाहीत. परवा घास घेता घेता त्यांनी सासूबाईंना विचारलं, "तुमी न्हाई जेवत?"

"माझा चौविहार हाय."

बाबूजींनी मान डोलावली. "पाळा. लई चांगलं असतं."