भरल्या पोटाचा हेवा
कुलसूम आणि झर्का सख्ख्या बहिणी, त्यांचे नवरे सख्खे भाऊ, आणि ते भाऊ पुन्हा या दोघींच्या चुलत्याचेच मुलगे. पाकिस्तानातल्या गुजरांवाल्यात याचं कुणाला नवल नाही. मुली घरातल्या घरातच राहिल्या, एवढंच.

झर्काची मुलगी महरीन जन्मापासून भुकेली. जेवून उठली की रडायला लागायची, कच्ची कणीकही खायची. अंगाने इतकी वाढली की तिला कडेवर घेणं कुणालाच जमेना. शेवटी स्वयंपाकघराला कुलूप लागलं आणि किल्ली थोरलीकडे, म्हणजे कुलसूमकडे आली. कुलसूमला बहिणीची कीव यायची, पण जरा बरंही वाटायचं. ती स्वतः चांगलीच सुटलेली, मधुमेह जडलेला, रोज इन्सुलिन टोचून घ्यायची. घरात आपल्याहून जाड कुणीतरी आहे, हा तिचा केवढा आधार होता!

मग मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी महरीनचं रक्त तपासलं. अंगातली चरबी मेंदूला निरोप धाडते, की साठा भरपूर आहे, आता खाणं पुरे. तो निरोप नेणारं लेप्टिन नावाचं द्रव्य या मुलीच्या अंगात बनतच नव्हतं; नात्यातल्या नात्यात लग्नं झाली की असं कधीतरी होतं. परदेशातून त्याची इंजेक्शनं आली आणि थोड्याच दिवसांत महरीनने अर्धा पराठा ताटात ठेवला.

"अम्मी, बास."

झर्का ढसाढसा रडली. कुलसूमचा मात्र नुसता जळफळाट झाला. तो उरलेला पराठा तिनेच खाल्ला आणि तरी तिला भूक होतीच. उभ्या जन्मात आपल्या तोंडून कधी 'बास' निघालं नाही, आणि ही एवढीशी पोर म्हणते!

ती तडक इस्पितळात गेली. "माझंही रक्त तपासा, बाई. माझं नि झर्काचं रक्त एकच, सासर एकच, मग तिच्या पोरीचं दुखणं मलाही असणार!"

तपासणी झाली. डॉक्टरीणबाई हसल्या. "कुलसूमबीबी, तुमच्यात लेप्टिन मुबलक आहे. चरबी जास्त, म्हणून तेही जास्त. मेंदूच त्याचं ऐकेनासा झालाय. वरून आणखी टोचून काय होणार? हा आजार नाही तुम्हाला, आनंद माना."

"आनंद माना म्हणे!" कुलसूम वाटभर पुटपुटत राहिली. "झर्काच्या पोरीला देवाने दुखणंसुद्धा औषधवालं दिलं. मला दिलं ते हे असं, बिनऔषधाचं."

डॉक्टरीणबाईंवर तिचा विश्वासच बसला नाही. भारी औषध लाडक्यांसाठी राखून ठेवतात, झालं! इंजेक्शनं ठेवायचा फ्रिज तिच्याच खोलीत होता. महरीनच्या इंजेक्शनांतली काही तिने तिथेच आपल्या इन्सुलिनच्या डब्यात लपवली आणि इन्सुलिनसारखी पोटात टोचून घेऊ लागली. रोज जेवताना ती वाट पाहायची. रोज हात पुढच्या रोटीकडे जायचा.

इकडे परदेशातून औषधाचा पुढचा डबा यायच्या आत महरीनची इंजेक्शनं संपली. इस्पितळानेच कमी दिली, असं झर्काला वाटलं. महरीन पुन्हा रडू लागली, पुन्हा कणकेला हात घालू लागली.

एका दुपारी ती मावशीच्या, कुलसूमच्या, खोलीत आली.

"खाला, माझी इंजेक्शनं तुम्ही घेतलीत ना? मी पाहिलं."

"काहीतरीच काय बोलतेस!" कुलसूम उसळली.

पोरगी भांडली नाही. तिने एवढंच विचारलं, "गुण आला का तुम्हाला?"

कुलसूमला खोटं बोलता आलं असतं. पण हे तिला आजवर कुणीच विचारलं नव्हतं.

"नाही गं."

"थोडासुद्धा नाही?"

कुलसूमने मान हलवली.

"मग उरलेली मला द्या ना, खाला," महरीन म्हणाली. "मला येतो गुण."